आईच्या घड्याळाने

३० ऑक्टोबर
उजाडलं: तुझ्या घड्याळात ७.४७, आईच्या घड्याळात ६.४७

दादा,

सहा वर्षांनी पत्र लिहितेय. ख्यालीखुशाली विचारायला नाही, भांडायला. तेव्हा नीट बूड टेकून बस आणि मग वाच.

तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून समितीच्या पत्त्यावर पाठवतेय. पेपरात तुमचा फोटो आला होता. सात माणसं ओळीने उभी आणि अगदी कडेला तू, सचिव म्हणून. पोट सुटलंय तुझं. खाली बातमी होती, की यापुढे वर्षातून दोनदा घड्याळं मागेपुढे करायची नाहीत. उन्हाळ्यात पुढे घेतलेला तास आता बारा महिने पुढेच राहणार. का, तर ‘संध्याकाळी सर्वांना अधिक उजेड मिळावा’. हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यांदा हसले. सर्वांना म्हणे! तुला रे, तुला मिळावा. लहानपणी नऊपर्यंत डोक्यावर उशी घेऊन लोळणारा तू. आणि गल्लीत चेंडू दिसेनासा झाला तरी ‘अजून पाच मिनिटं’ म्हणून ओरडणाराही तूच. तुला दिवस संपूच नये असं वाटायचं आणि मला तो कधी एकदा सुरू होतोय असं व्हायचं. म्हणून तर तू मला भोंगा म्हणायचास. आता तू तुझी आवड अख्ख्या देशाच्या भिंतीवर टांगलीस आणि खाली सही ठोकलीस. वा रे वा.

तर कळवायचं एवढंच, की माझ्या भिंतीवर ती टांगली जाणार नाही. आईचं घड्याळ आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. आईने ते जन्मात कधी पुढे केलं नाही. “सरकारला हवा तो तास त्यांनी घ्यावा, माझं दूध त्याच्याच वेळेला उतू जातं,” म्हणायची. सहा-सात महिने आपल्या घरात दोन वेळा चालायच्या, आठवतं ना? बाहेरच्या घड्याळाने सहाला सिनेमा, म्हणजे आईच्या घड्याळाने पाचला. शेजारचे हसायचे. आपण मात्र बोटं न मोजता हिशेब करायचो.

आता तू म्हणशील, निदान त्या घड्याळाचं नाव तरी तू काढू नकोस. काढणार. आईला शेवटचं न्यायची गाडी नऊला निघाली आणि तू दहाला फाटकाशी आलास, यात माझा दोष नव्हता. आदल्या दिवशी फोनवर मी तुला नऊ सांगितलं होतं. नुसतं नऊ. पुढे काही नाही. तेव्हाही चारचौघांत हेच सांगितलं, आजही तेच सांगते.

मी अजून शाळेची बस चालवते. एकोणीस वर्षं झाली. डेपोतून सातला निघते आणि कुणासाठी अर्धं मिनिटही थांबत नाही. मुलं मला घाबरतात, त्यांच्या आया त्याहून जास्त घाबरतात. आज सातला बस काढली तेव्हा रस्त्यावरचे दिवे चालू होते. नोव्हेंबर-डिसेंबर तर यायचेच आहेत. बघू या, तुझी संध्याकाळ मोठी की माझी सकाळ.

भोंगा


१८ नोव्हेंबर
उजाडलं: तुझ्या घड्याळात ८.११, आईच्या घड्याळात ७.११

दादा,

तुझ्या ऑफिसचं छापील कार्ड मिळालं. ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. नोंद क्रमांक ४११२.’ अरे, मी सूचना केली नव्हती, भांडण केलं होतं. भांडणाची नोंद कुठल्या खिडकीवर होते तेवढं कळव. बाकीच्या चार हजार एकशे अकरा जणांनी काय लिहिलंय तेही वाचायला आवडेल. निम्मे तरी माझ्यासारखे पहाटे उठणारे असतील.

म्हणून या खेपेला घरचा पत्ता शोधला. आत्याकडे मागितला. ती म्हणाली, “कुणाचा, तासवाल्याचा?” अजून तुला सगळे तासवालाच म्हणतात. स्वतःच्या आईच्या वेळेला तासभर उशिरा आलेला, म्हणून तासवाला. मी पत्ता लिहून घेतला आणि फोन ठेवला.

माझी बस रोज सात वीसला खाणीच्या वळणावर पोचते. तुला ते वळण आठवत असेल. डावीकडे खाणीचा उभा कडा आणि उजवीकडे उतार. कड्यामुळे तिथे उजेड मुळातच उशिरा येतो. थांब्यावर पाच मुलं असतात. सध्या ती मला दिसत नाहीत, आधी त्यांचा आवाज येतो. डेपोने कोटावर लावायला चमकत्या पट्ट्या वाटल्या, त्या पोरांनी पहिल्याच दिवशी खाऊच्या डब्यांना चिकटवल्या. डबे दप्तरात. म्हणजे आता दप्तराच्या आत लख्ख उजेड आहे.

काही झालेलं नाही. होणारही नाही, कारण मी चालवतेय. पण मला राग येतो. संध्याकाळी सहाला तू ऑफिसातून बाहेर पडतोस आणि तेव्हा थोडं ऊन हवं म्हणून सहा वर्षांच्या पोरांनी काळोखात उभं राहायचं?

तुझं संध्याकाळचं प्रेम मला नवं नाही. आई आजारी होती ते चार महिने तू परदेशात होतास. आपल्यापेक्षा चार तास मागे. तू काम आटोपून, तुझ्या आवडत्या संध्याकाळी सहा वाजता फोन करायचास, तेव्हा इथे रात्रीचे दहा वाजलेले असायचे. आई आठला झोपायची, तीही तिच्या घड्याळाने. मी तुला पन्नासदा सांगितलं असेल, की सकाळी कर. तुझ्याकडे सहा वाजतील तेव्हा इथे दहा, ती उठून खिडकीशी बसलेली असते, बोलायच्या मूडमध्ये असते. तू म्हणायचास, “सकाळी मला बोलायला सुचत नाही गं.” चार महिन्यांत तुमचं नीट बोलणं तीनदा झालं. मी मोजलंय. ती रोज सकाळी फोनकडे बघायची आणि रोज मला वाटायचं, याचा कान धरून उठवावं.

त्यामुळे ‘सर्वांना उजेड’ वगैरे मला सांगू नकोस.

भोंगा


५ डिसेंबर
उजाडलं: तुझ्या घड्याळात ८.३०, आईच्या घड्याळात ७.३०

दादा,

मागच्या पत्रात काही झालेलं नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. ते पत्र टाकलं त्याच्या दोनच दिवस आधी झालं होतं.

खाणीच्या वळणावर एक पहिलीतली मुलगी चढते. चिवचिव फार करते म्हणून तिला सगळे चिमणी म्हणतात. गडद निळा कोट. त्या दिवशी मी थांब्याशी बस आणत होते, वेग अगदी चालण्याएवढा. तिचा हातमोजा रस्त्यावर पडला आणि तो उचलायला ती पुढे आली. मला ती दिसलीच नाही. बसचा आरसा तिच्या टोपीला लागला आणि टोपी खाली पडली. बस, एवढंच. टोपी पडली. अजून चार बोटं इकडे असती तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही, तूच समज.

कुणी पाहिलं नाही. ती टोपी झटकून आत आली आणि मी तिला विचारलं, “दप्तर घेतलंस का?”

आणि तरी पुढचे दोन आठवडे मी सातलाच बस काढत राहिले. का, तर एकोणीस वर्षांत कधी उशीर केला नाही ना! मिरवायला बरं असतं ते. शेवटी एका शनिवारी चिमणीच्या घरी गेले. तिची आई शिवणकाम करते. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं आता ही मशीनवरची कात्री फेकून मारेल. ती उठली, चिमणीचा कोट काढला आणि पाठीवर ताटाएवढं पिवळंधमक कापड शिवून टाकलं. म्हणाली, “हे मी केलं. आता तुम्ही काय करणार?”

मी तिच्याच घरून डेपोमास्तरांना फोन लावला. सांगितलं, की सोमवारपासून बस आठला निघेल. खाणीच्या वळणावर आठ वीस; सूर्य तेव्हाही वर आलेला नसतो, पण फटफटलेलं असतं. नियम साधा आहे. हेडलाइट बंद करून थांब्यावरच्या मुलाचा चेहरा दिसला पाहिजे, मगच बस हलेल. ते काहीतरी खात होते. म्हणाले, “बरं बरं, करा तुम्ही.”

आठ वीस म्हणजे आईच्या घड्याळाने सात वीस. एकोणीस हिवाळे मी त्या वळणावर याच उजेडात पोचतेय. मी उशीर केलेला नाही, मी होते तिथेच आहे. तास तुम्ही हलवलात.

भोंगा


१२ डिसेंबर
उजाडलं: तुझ्या घड्याळात ८.३६, आईच्या घड्याळात ७.३६

दादा,

मला नोटीस आली. ‘पूर्वसूचना न देता बसची वेळ बदलणे.’ खाली डेपोमास्तरांची ऐटबाज सही. पूर्वसूचना न देता! मी समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, शनिवारी फोन केला होता, तुम्ही ‘करा’ म्हणालात. तर वर बघून म्हणतात, “मला असा फोन आल्याचं आठवत नाही.” चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. चिमणीच्या आईने माझं बोलणं ऐकलंय, पण पलीकडून ते काय म्हणाले ते तिला कसं ऐकू जाणार?

काही पालकही चिडलेत. त्यांचंही खोटं नाही. त्यांना आठला कामावर हजर व्हायचं असतं, मुलं तासभर घरी कुणाकडे ठेवणार? एक बाप मला म्हणाला, “तुम्हाला सकाळ आवडते म्हणून आमची नोकरी जायची वेळ आली.” मी म्हटलं, मला नुसती सकाळ आवडत नाही हो, मला मुलं दिसायला आवडतात. पटलं नाही त्याला. शाळा तासभर उशिरा भरवा आणि कचेऱ्याही भरवा, सगळं जागच्या जागी बसेल. पण मग तुमच्या समितीने तास पुढे घेऊन मिळवलं काय, ते मला तुझ्या त्या सहा माणसांनी समजावून सांगावं.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं होतं. भल्या बाई आहेत, पण भित्र्या. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, “समितीचे सचिव तुमचे भाऊ ना? शाळेच्या वेळा स्थानिक पातळीवर बदलायला हरकत नाही, एवढं एक पत्र त्यांच्याकडून आणा. मी लगेच वेळ बदलते. तुमची नोकरीही वाचेल.”

मी नाही म्हटलं. बोलणं नाही आमचं, म्हटलं. त्या म्हणाल्या, “मुलांसाठी तरी.” तरीही नाही म्हटलं. बाहेर आले आणि बसच्या पायरीवर बसून राहिले.

तुला हे सगळं कळवतेय ते पत्र मिळावं म्हणून नाही. मुळीच पाठवू नकोस. तुझ्याकडे काही मागायचा मला हक्क नाही, आणि का नाही ते आज लिहवत नाही. २० तारखेला शाळेत बैठक आहे. बस माझ्या हातात राहते की जाते ते त्या दिवशी ठरेल. दुसरं मला काही येत नाही, दादा. ती बस गेली तर माझ्या सकाळी जाऊन जाऊन कुठे जाणार?

भोंगा


२० डिसेंबर
उजाडलं: तुझ्या घड्याळात ८.४२, आईच्या घड्याळात ७.४२

दादा,

बस गेली. किल्ली डेपोमास्तरांच्या खणात आहे. कशी गेली ते तुला कळलंच पाहिजे, म्हणून घरी येऊन कोट न काढता लिहायला बसलेय.

बैठक पहिलीच्या वर्गात होती. आम्ही सगळे त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेलो. मुख्याध्यापिकाबाई, डेपोमास्तर, पाच-सहा पालक, चिमणीची आई. मी आरशाचं आणि टोपीचं सगळं सांगितलं. माझीच चूक होती तेही सांगितलं. चिमणीच्या आईने कोट उंच धरून दाखवला. बाईंचे डोळे भरून आले होते. पारडं आमच्या बाजूला झुकतंय असं मला वाटायला लागलं.

मग फोनचं निघालं. मी म्हटलं, “मी कळवलं होतं. शनिवारी दुपारी. तुम्ही काहीतरी खात होता.” सगळे हसले. डेपोमास्तर लाल झाले आणि म्हणाले, “या घराण्याचा वेळेचा घोळ जुनाच आहे हो. यांचा भाऊ! सख्ख्या आईला न्यायचं होतं तर तासभर उशिरा उगवला. अख्ख्या गावाला माहीत आहे. असल्या घरच्या बाईने आपल्याला घड्याळ शिकवायचं?”

पुन्हा हसले सगळे. बाईसुद्धा, ओठ दाबून.

मला गप्प बसता आलं असतं. सहा वर्षं बसलेच होते. पण आदल्या आठवड्यापासून एक गोष्ट मला खात होती. मी खरं सांगतेय, समोरचा बिनदिक्कत नाही म्हणतोय आणि बघणारे त्याच्याकडे बघून माना हलवताहेत. असं झालं की कसं वाटतं ते मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. तुला बावन्नाव्या वर्षी कळलं होतं. फाटकाशी, सगळ्या नातेवाइकांसमोर. आणि तिथे डेपोमास्तर मी होते.

मी उठले. म्हटलं, “माझा भाऊ उशिरा आला नव्हता. त्याने मला फोनवर विचारलं, किती वाजता? मी म्हटलं, नऊ, आईच्या घड्याळाने. सवयीने बोलून गेले. आमच्या घरात आईच्या घड्याळाने नऊ म्हणजे बाहेरचे दहा. त्याने बरोबर हिशेब केला आणि दहाच्या ठोक्याला आला. त्याने तेव्हाच हे सगळ्यांना सांगितलं आणि मी म्हटलं, मी असं बोललेच नाही. खोटं मी बोलले होते. त्याला पुन्हा कुणी हसायचं नाही.”

मग डेपोमास्तर अगदी सावकाश म्हणाले, “म्हणजे फोनवर काय बोलणं झालं ते तुम्ही नंतर फिरवता. तुमच्याच तोंडून ऐकलं सगळ्यांनी.”

झालं. बाईंनी चष्मा काढून पुसला. तो बाप खाली बघायला लागला. बाई म्हणाल्या, की पुढचा निर्णय होईपर्यंत किल्ली जमा करावी. मी किल्ली टेबलावर ठेवली. टेबल इतकं बुटकं, की त्यासाठीही वाकावं लागलं.

पण ऐक. मला पश्चात्ताप होत नाहीये. उद्या पुन्हा तीच बैठक झाली तर पुन्हा तेच बोलेन, आणखी मोठ्या आवाजात बोलेन. येताना आत्याकडे गेले आणि तिलाही सांगितलं. ती म्हणाली, “आता जाऊ दे ना, जुनं झालं.” मी म्हटलं, जुनं तुझ्यासाठी झालं. यापुढे माझ्या दादाला तासवाला म्हणालीस तर तुझ्या दारात पाय ठेवणार नाही.

भोंगा


२१ डिसेंबर

दादा,

कालचं पत्र टाकून आले आणि झोप लागली नाही. अजून एक राहिलंय. ते लिहिल्याशिवाय कालचं सगळं अर्धं खोटंच राहील.

त्या सकाळी नऊला गाडीचा ड्रायव्हर दारात आला आणि त्याने विचारलं, “कुणी यायचं आहे का अजून?” मी स्वयंपाकघराच्या दारात होते. सवयीने मान वळवून आईच्या घड्याळाकडे बघितलं. आठ वाजले होते. आणि त्याच क्षणी मला कळलं, की आदल्या दिवशी मी तुला काय सांगून बसले. तू दहाला येणार हे मला स्वच्छ कळलं. एक तास. त्या माणसाला एक तास थांब म्हटलं असतं तर तो थांबला असता. तो विचारत होता ते त्यासाठीच.

मी म्हटलं, “कुणी नाही. निघा.”

चूक पहिल्या दिवशी झाली. हे मात्र चुकून झालेलं नाही. मनात काय आलं तेही लिहिते. आईने चार महिने सकाळी तुझी वाट बघितली, आता बघ म्हटलं तू. इतक्या दुष्टपणे मी आयुष्यात कधी वागले नाही.

तू आलास तेव्हा तुझ्या हातात कागदात गुंडाळलेले लोकरी मोजे होते. तिचे पाय गार पडायचे म्हणून आणलेले. ते शेवटचे तिच्या पायांत घालण्याएवढाही वेळ मी तुला ठेवला नव्हता. तू मोजे फाटकाच्या खांबावर ठेवलेस आणि गेलास. ते माझ्याकडे आहेत. सहा हिवाळे मी तेच घालून बस चालवलीय. धुऊन धुऊन टाचेला विरले तेव्हा रफू केले.

माफी मागते. माझ्याकडून माफीबिफी सहसा निघत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा एकदाच लिहिते आणि खाली रेघ मारते. तू ती दिली नाहीस तरी तुझं बरोबरच असेल.


३ जानेवारी
उजाडलं: तुझ्या घड्याळात ८.४५, आईच्या घड्याळात ७.४५

दादा,

तुझं कार्ड आज आलं. मी आधी उलटंपालटं करून पाहिलं, आणखी काही लिहिलंय का म्हणून. नव्हतं. दोनच शब्द. ‘किती वाजता?’

फोनवरही तू एवढंच विचारलं होतंस. दारातच खाली बसले मी आणि रडले. पोस्टमन बिचारा घाबरला, त्याला वाटलं कुणी गेलं.

आता उत्तर लिहिते. पण आधी एक स्पष्ट सांगते, म्हणजे तुझा गैरसमज नको. माफी मागितली म्हणून मी सकाळ सोडलेली नाही. फाटकाशी मी चुकले, वळणावर मी चुकलेली नाही. तुला वाटत असेल की सगळ्यात लहान दिवस होऊन गेला, आता हिचं भांडण निवेल. तर पुन्हा वरची वेळ बघ. दिवस वाढायला लागलाय, पण उजाडतंय अजून उशिराच. वाढतेय ती फक्त तुझी संध्याकाळ! सूर्यसुद्धा तुमच्या समितीत आहे की काय कोण जाणे. असेना का.

बस माझ्या हातात नाही, पण वळण तर आहे. किल्ली गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी रोज सातला तिथे जाऊन उभी राहते. चिमणीच्या आईने मलाही पिवळं जाकीट शिवून दिलंय, त्यात मी एखाद्या फळाच्या गाडीसारखी दिसते. पाचही मुलं माझ्यामागे कड्याला टेकून उभी असतात आणि फटफटेपर्यंत मी त्यांना पाढे म्हणायला लावते. बदली ड्रायव्हर पहिल्या दिवशी सात वीसला आला. भोंगे वाजवले. मी म्हटलं, “हेडलाइट बंद कर आणि यातली मुलगी कोणती, मुलगा कोणता ते सांग. सांगितलंस तर चढवते.” त्याने बंद केले. बराच वेळ बघत बसला, मग या पाचांना न घेताच बस घेऊन गेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मागच्या तीन थांब्यांवरच्या आयांनीही मुलं बसमध्ये चढवली नाहीत. चौथ्या दिवशी तो आलाच आठ वीसला. मला म्हणाला, “बाई, मला पण दोन पोरं आहेत.” आता त्यालाही नोटीस मिळालीय. मुख्याध्यापिकाबाई लेखी काही देत नाहीत, पण हजेरी गुपचूप नऊला घ्यायला लागल्यात. जो बाप मला नोकरीचं बोलला होता, तो आता कामावर जाताना त्याच्या मुलाला माझ्याजवळ सोडून जातो. येत्या सोमवारी पुन्हा बैठक आहे. किल्ली परत मिळेल की कायमची जाईल, माहीत नाही. गेली तर उभी राहीन. पाय शाबूत आहेत.

तू ये. सचिव म्हणून नको, आणि खिशात कसलं पत्रही आणू नकोस. नुसता येऊन त्या काळोखात आमच्याबरोबर उभा राहा. त्यानंतरही तुला संध्याकाळच हवी असेल तर माझ्या तोंडावर सांग, मी ऐकून घेईन आणि मग आपण रीतसर भांडू. चेंडू दिसेनासा झाला की तुला कसं रडू यायचं ते मी विसरलेले नाही. तुझंही काही खरं असेल, असं आता मला वाटायला लागलंय. थोडंसंच.

आता वेळ. या खेपेला घड्याळाचं नाव घेऊन लिहिते, दोनदा वाच.

सोमवार, खाणीचं वळण. बाहेरच्या घड्याळाने सात वीस. आईच्या घड्याळाने सहा वीस.

तू इतक्या लवकर उठणार नाहीस, हे मला पुरतं ठाऊक आहे. तासभर उशीर होईल तुला. होऊ दे. तोवर फटफटेल, बस येईल, मुलं चढतील. ड्रायव्हर दार लावायच्या आधी नेहमी विचारतो, की अजून कुणी यायचं आहे का.

मी हो म्हणेन. आहे, म्हणेन. थांबा.

भोंगा